धूळपाटी, तख्ती आणि काडेपेटीच्या काड्या

दिवाळीची सुट्टी संपून दुसरे सत्र सुरू झाले की शाळेजवळच्या स्टेशनरीच्या दुकानांचा चेहरा बदलतो. दाराशी थर्माकोलचे ज्वालामुखी लटकू लागतात, रंगवलेली सूर्यमाला येते, तयार पवनचक्की येते, वहीत चिकटवायच्या चित्रांचे तक्ते येतात. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. या दिवसांत आया मला शाळेच्या फाटकाशी गाठून एकच प्रश्न विचारतात, "टीचर, पिरोजेक्ट को कितना लगेंगा?" विचारणारीचा नवरा यंत्रमागावर असतो, ती स्वतः घरी बसून नगावर कपड्यांना टिकल्या लावत असते, आणि शाळेत जाणारी मुले तीन असतात. मूल काय शिकेल हे विचारायची तिला सवड नसते, कारण तिच्यापुढे सवाल खर्चाचा असतो.

फोनवर "कमी खर्चातल्या वस्तू" शिकवणारे व्हिडिओ ढिगाने आहेत. त्यांतल्या बऱ्याच वस्तूंना गोंदाची गरम बंदूक, अक्रिलिक रंग आणि रंगीत चिकटपट्ट्या लागतात. ज्या घरात हे सगळे आधीपासूनच आहे, त्या घरापुरता खर्च कमी! मुलांचे शिकण्याचे साहित्य जवळपास फुकटात, हाताने तयार करण्याची कल्पना मात्र हजार वर्षांहून जुनी आहे. तिच्यावर मोठमोठ्या माणसांनी वाद घातले आहेत, आणि ते वाद वाचले की फाटकाशी विचारलेला प्रश्न वेगळा दिसू लागतो.

आपल्याकडची सर्वांत स्वस्त वही म्हणजे धूळपाटी. लाकडाची फळी घ्यायची, तिच्यावर बारीक धूळ किंवा विटेची पूड पसरायची, बोटाने किंवा काडीने लिहायचे, फळी हलवली की पुन्हा कोरी. पंतोजींच्या शाळेत मुलाची सुरुवात हिच्यावरच होई. कुठल्याही विषयाच्या अगदी पहिल्या पायरीला मराठीत आजही आपण 'धुळाक्षरे गिरवणे' म्हणतो. पाटी गेली, धूळ गेली, शब्द राहिला. संस्कृतात अंकगणिताला 'पाटीगणित' हे नाव आहे आणि हिशेब करण्याला 'धूलिकर्म' असाही शब्द आहे. हे हिंदी गणित अरबांकडे गेले तेव्हा धूळही सोबत गेली. अरबीत त्याला 'हिसाबुल-ग़ुबार' म्हणत. ग़ुबार म्हणजे धूळ, हे उर्दू वाचणाऱ्याला सांगायला नको. पश्चिमेकडच्या अरबी मुलखात, म्हणजे मोरोक्को-अंदलूसच्या बाजूला, अंकांच्या एका वळणालाच 'ग़ुबार अंक' असे नाव पडले, आणि युरोपचे अंक त्यांच्यावरूनच आले.

या धूळपाटीविरुद्ध एक माणूस उभा राहिला. अबुल हसन अहमद बिन इब्राहीम अल-उक़लीदिसी हे त्याचे नाव. त्याने इसवी सन 952-53 मध्ये दमास्कसला हिंदी गणितावर एक ग्रंथ लिहिला. दशांश अपूर्णांकांचा सर्वांत जुना ज्ञात वापर ज्या पुस्तकात सापडतो ते हेच. त्यात एक भाग असा आहे की धुळीऐवजी शाई आणि कागद घेऊन हेच हिशेब कसे करावेत. त्याचे एक कारण गमतीचे आहे. धूळपाटी रस्त्यावर बसून भविष्य सांगणाऱ्यांच्या हातात दिसते, भल्या माणसाने ती घेऊन बसणे बरे दिसत नाही! दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. धुळीवरच्या हिशेबात आधीचा आकडा पुसून त्याच जागी नवा लिहायचा असतो. उत्तर हातात येते तेव्हा मधल्या पायऱ्या नाहीशा झालेल्या असतात. उक़लीदिसीने आकडेमोड अशी मांडली की पुसायची गरजच पडू नये. चूक कुठे झाली हे मागे जाऊन बघता येईल, अशी ही सोय झाली.

शिक्षिका म्हणून मला हा वाद फार आवडतो, कारण दोन्ही बाजू खऱ्या आहेत. लहान मुलाला पुसता येणारी पाटी हवी. चुकायची भीती राहत नाही. मोठ्या मुलाला न पुसणारा कागद हवा. आपण कुठे चुकलो ते दिसते. वयाप्रमाणे साहित्य बदलते, आणि किमतीचा हिशेब त्यानंतर येतो.

मकतबमधली तख्ती या दोहोंच्या मधली. लाकडाची पाटी धुवायची, ओल्या मुलतानी मातीचा पातळ हात फिरवायचा, उन्हात वाळवायची, रेघा आखायच्या आणि बोरूने काळ्या रोशनाईने लिहायचे. रोशनाई दिव्याच्या काजळीत डिंक घोटून घरीच होई. दुसऱ्या दिवशी पुन्हा धुणे. म्हणजे लिहिलेले दिवसभर टिकते, उस्तादला दाखवता येते, आणि मग जाते. बोरूचे टोक तिरके कापावे लागते, त्या कापाला 'क़त' म्हणतात. त्या टोकाने उमटलेला ठिपका, नुक्ता, हेच अक्षराचे माप. अलिफ किती उंच, बे किती रुंद, हे नुक्ते मोजून ठरते. पट्टी मुलाच्या कलमातच असते. तख्ती माखणे, वाळवणे, कलम तासणे ही सगळी कामे मूलच करी. माझ्या पिढीतल्या अनेकांना आठवत असेल, उन्हात तख्ती हलवत ती लवकर वाळावी म्हणून केलेली घाई.

पुढची कथा मद्रासची आहे. अँड्र्यू बेल हा स्कॉटिश पाद्री 1789 पासून तिथल्या एग्मोरच्या अनाथ मुलांच्या शाळेचा प्रमुख होता. फिरायला गेला असताना त्याने एका देशी शाळेत मुले वाळूवर बोटाने अक्षरे गिरवताना पाहिली. त्याने तीच वाळू आपल्या शाळेत आणली, मोठ्या मुलांनी लहानांना शिकवण्याची पद्धत तिला जोडली आणि 1797 मध्ये लंडनला जाऊन त्यावर पुस्तक छापले. 1798 मध्ये जोसेफ लँकेस्टरने लंडनच्या बरो रोडवर गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढली. तिथेही छोट्यांच्या पुढ्यात वाळूचे ट्रे होते. एका शिक्षकावर शेकडो मुले सांभाळण्याची ही पद्धत 1820 च्या दशकात उलट फिरून मुंबई इलाख्यातल्या शाळांत आली, ती विलायती सुधारणा म्हणून. आपली धूळ आपल्याकडेच शिक्का मारून परत आली म्हणा ना. पण बेलच्या हातात धुळीचा अर्थ बदलला होता. पंतोजीकडे ती सवय होती, लंडनमध्ये ती काटकसर झाली. गरिबाच्या मुलाला जेमतेम अक्षरओळख पुरे, जास्त खर्च कशाला, असा तो हिशेब. स्वस्त साहित्याच्या इतिहासाला ही काळी बाजूही आहे, आणि ती विसरून 'टाकाऊतून टिकाऊ'चे गोडवे गाणे मला पटत नाही.

यानंतरचे फ्रोबेल, त्यांचे 1840 चे किंडरगार्टन, लाकडी ठोकळे आणि कागदाच्या घड्या हे बीएडच्या पुस्तकात सगळ्यांनीच वाचलेले असते. मारिया मॉण्टेसरींकडे मात्र थांबायला हवे. 1907 मध्ये रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांचे पहिले बालगृह सुरू झाले. गिरणी आणि मागावरच्या मजुरांची आमची वस्ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना ती वस्ती परकी वाटणार नाही. पण त्यांचे साहित्य काटेकोर मापाचे. गुलाबी मनोरा म्हणजे लाकडाचे दहा घन, सर्वांत लहान 1 सेंटिमीटर बाजूचा, सर्वांत मोठा 10 चा, प्रत्येक पायरी बरोबर एका सेंटिमीटरची. माप चुकले तर मुलाला स्वतःची चूक स्वतः दिसत नाही, म्हणून घडण चोख हवी. चोख घडण म्हणजे पैसा. गरीब वस्तीत जन्मलेली पद्धत हळूहळू श्रीमंतांच्या शाळांत जाऊन बसली.

मॉण्टेसरीबाई 1939 मध्ये मद्रासला आल्या. पुढच्या जूनमध्ये इटली युद्धात उतरली, त्या शत्रुराष्ट्राच्या नागरिक ठरल्या, आणि त्यांचा मुलगा मारिओ याला पकडून आपल्या अहमदनगरच्या छावणीत ठेवले गेले. 31 ऑगस्ट 1940 ला बाईंचा सत्तरावा वाढदिवस होता, त्या सुमारास त्याला सोडले. त्या 1946 पर्यंत इथेच राहिल्या आणि शेकडो शिक्षक त्यांच्या हाताखाली तयार झाले.

पण आपल्या मातीत त्या पद्धतीचे रोप लावण्याचे काम तोपर्यंत सुरू झाले होते. गुजरातमध्ये भावनगरला गिजुभाई बधेकांचे बालमंदिर 1920 पासून चालू होते. ताराबाई मोडक 1923 मध्ये तिथे गेल्या. पुढे 1945 मध्ये त्यांनी डहाणू तालुक्यातल्या बोर्डी गावात काम सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. शहरातल्या बालमंदिराचे साहित्य गावात परवडणारे नव्हते. मग समुद्रकाठचे शंख-शिंपले, नदीतले खडे, बिया, पाने, बांबू, माती हेच साहित्य झाले. मोजायला, लहान-मोठे लावायला, रंग जुळवायला, आवाज ओळखायला. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली आणि 'अंगणवाडी' हा शब्द तयार झाला. गुरे राखणारी मुले शाळेत येणे शक्य नव्हते, तेव्हा शाळा कुरणात गेली, तिचे नाव 'कुरणशाळा'. 1957 मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या मधोमध गेले. 1975 मध्ये केंद्र सरकारची बालविकास योजना आली आणि अंगणवाडी हा मराठी शब्द देशभर पोचला.

शिंपल्याने लाकडी घनाचे माप साधत नाही, हे खरे. दोन शिंपले सारखे नसतातच. पण शिंपला मुलाने स्वतः वेचून आणलेला असतो, त्याचे नाव त्याच्या भाषेत असते, आणि हरवला तर बाई रागावत नाहीत. महागडे साहित्य कपाटात कुलूपबंद राहते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. एका शाळेत (नाव नको) विज्ञानपेटी सील न फोडता सात वर्षे ठेवलेली होती. तपासणीला दाखवायची म्हणून! कोसबाडला कुलूप लावण्याजोगे काही नव्हते, हा त्या पद्धतीचा मोठा फायदा होता असे मला वाटते.

याच काळात वर्ध्याला दुसरा विचार चालला होता. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला गांधीजींनी तिथे शिक्षण परिषद बोलावली. हस्तोद्योगातून शिक्षण द्यावे आणि मुलांनी केलेल्या वस्तू विकून शाळेचा खर्च भागावा, असा त्यांचा प्रस्ताव. जामिया मिल्लियाचे प्रमुख डॉ. ज़ाकिर हुसेन तिथे होते. बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आलेले, जर्मनीतल्या हातकामाच्या शाळांचा अभ्यास असलेले. हातकामाच्या बाजूने ते पूर्ण होते. तरीही भर सभेत त्यांनी इशारा दिला की स्वावलंबनावर फार भर दिला तर शिक्षक गुलामांच्या मुकादमासारखे होतील, गरीब मुलांच्या श्रमांची पिळवणूक होईल, आणि मग टकळी पुस्तकांपेक्षाही वाईट ठरेल. गांधीजींच्या समोर, वर्ध्यात, टकळीबद्दल असे बोलायला हिंमत लागते. गांधीजींचे मोठेपण असे की अभ्यासक्रम बनवण्याच्या समितीचे अध्यक्षपद ज़ाकिर साहेबांकडेच आले. विनोबा, काकासाहेब कालेलकर, कुमारप्पा आणि ख़्वाजा ग़ुलामुस्सैयदैन या समितीत होते, आणि डिसेंबर 1937 मध्ये अहवाल तयारही झाला.

प्रत्येक हातकाम शिक्षण नव्हे, हे ज़ाकिर साहेब पुढेही सांगत राहिले. काम करण्याआधी डोक्यात त्याचा आराखडा हवा, साधनांचा विचार हवा, आणि झाल्यावर आपल्याच कामाकडे परीक्षकाच्या नजरेने बघता यायला हवे. नुसते हात चालले तर ती मजुरी. दुर्दैवाने मध्य प्रांत-वऱ्हाडात त्याच सुमारास 'विद्यामंदिर' या सरकारी योजनेवरून मुसलमानांत मोठी नाराजी होती, आणि वर्धा योजनाही त्याच गाठोड्यात बांधली गेली. तिच्यावर एका मुसलमान शिक्षणतज्ज्ञाची सही आहे आणि त्याने तिला कुठे लगाम घातला होता, हे आपल्याकडे फारसे कुणी वाचले नाही. जामियात मात्र ते काम चालू राहिले. जर्मनीहून आलेल्या गेर्डा फिलिप्सबोर्न या ज्यू बाई तिथल्या लहान मुलांत 'आपाजान' झाल्या आणि 1943 मध्ये तिथेच वारल्या.

ज़ाकिर साहेबांची कसोटी मी दुकानातल्या ज्वालामुखीला लावून पाहते. आराखडा कारखान्याचा, साधने कारखान्याची, चिकटवणे आईचे, सही मुलाची. मजुरीसुद्धा मुलाची नाही!

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा युरोपातल्या कितीतरी शाळांच्या प्रयोगशाळा बॉम्बहल्ल्यांत गेल्या होत्या. युनेस्कोने 1948 मध्ये उद्ध्वस्त देशांतल्या विज्ञानशिक्षकांसाठी एक छोटे पुस्तक काढले. रिकामे डबे, बाटल्या, मेणबत्त्या, दोरा यांतून प्रयोग कसे करावेत, हा विषय. ते इतके चालले की 1956 मध्ये त्याचा मोठा ग्रंथ झाला आणि जगभर गेला. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या 16 शाळांत 1972 मध्ये प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू झाला, तो याच वाटेवरचा. पुण्याच्या टेल्कोत नोकरी करणारे अरविंद गुप्ता नावाचे तरुण इंजिनिअर 1978 मध्ये तिथे गेले आणि त्यांना काडेपेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी सापडली. नळीचा छोटा तुकडा कापायचा, दोन्ही बाजूंनी काड्या खुपसायच्या, झाला सांधा. तीन काड्यांचा त्रिकोण करा आणि दाबा, हलत नाही. चार काड्यांचा चौकोन करा, लगेच कलंडतो. आता त्यात एक तिरकी काडी घाला, म्हणजे दोन त्रिकोण झाले, चौकोन घट्ट. पत्र्याच्या शेडची कैची, पुलाची जाळी, विजेचा मनोरा सगळीकडे त्रिकोण का असतात, हे पाचवीतले पोर पाच मिनिटांत सांगते. पुढे गुप्तांनी पुण्याच्या आयुकातल्या मुलांच्या विज्ञानकेंद्रात वर्षानुवर्षे अशी शेकडो खेळणी करून दाखवली. व्हॉल्व्हची नळी आता सायकलवाल्याकडे मिळतेच असे नाही, पण वायरच्या आतली तार काढली की उरलेले प्लॅस्टिकचे टरफलही चालते. काड्यांचा गूळ आधी खरवडून टाका.

मी वर्गात करून घेते तो प्रकल्प गुलाबी मनोऱ्याचा, पण पुठ्ठ्याचा. सातवीच्या मुली बालवाडीतल्या धाकट्या भावंडांसाठी करतात. आधी हिशेब: दहा घनांना मिळून पुठ्ठा किती? 1 पासून 10 पर्यंतच्या वर्गांची बेरीज 385, प्रत्येक घनाच्या सहा बाजू, म्हणजे 2310 चौरस सेंटिमीटर. चिकटवायच्या कडा वेगळ्या. पुठ्ठा बुटांच्या खोक्यांचा आणि जुन्या रुक्क्यांचा. शादीचे रुक्के आपल्या घरात ढिगाने पडलेले असतात आणि त्यांचा कागद जाड, उत्तम. मोठे घन एका पुठ्ठ्यात बसत नाहीत, सहा चौरस वेगळे कापून जोडावे लागतात. गोंद म्हणून मैद्याची खळ, तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकायची जुनी रीत मी सोडून दिली आहे, कारण ते विषारी असते. खळ रोज ताजी करतो. आणि एक अट आहे. कुठला घन बिघडला, का बिघडला, हे प्रत्येकीने वहीत तीन ओळी उर्दूत आणि तीन ओळी मराठीत लिहायचे, खोडलेले मापही तसेच ठेवायचे. हे उक़लीदिसीकडून घेतले. खर्च दोऱ्याचा आणि मैद्याचा.

राहिला प्रश्न हे ठेवायचे कुठे? दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे, हे आमच्या निम्म्या घरांचे चित्र. मॉण्टेसरींच्या वर्गाचा एक नियम इथे कामाचा आहे: मुलाचा हात पोचेल एवढीच उंच, दार नसलेली मांडणी; प्रत्येक वस्तू एकच आणि तिची जागा ठरलेली; वापरली की तिथेच परत. जुन्या घरांत भिंतीतच कोनाडा असे, आपण त्याला ताक म्हणतो. वरच्या ताकात जुज़दानात गुंडाळलेले क़ुरआन शरीफ़, मधल्यात दिवा, आणि जमिनीपासून हातभर उंचीवरच्या छोट्या ताकात पोरांच्या गोट्या, भोवरा, तख्तीचा बोरू. कुणी शिकवले नव्हते, पण लहानांची जागा खाली हे ठरलेले होते. जुज़दान शिवायला आईच्या जुन्या कपड्याचा चांगला तुकडा राखून ठेवलेला असे. उर्दूत 'ताक पर रखना' म्हणजे बाजूला सारून विसरणे, पण घरातल्या पोरांना कुठल्या ताकात काय आहे ते अंधारातही ठाऊक असे.

हातभर रुंद मातीच्या भिंतींत ताक ठेवता येत होते. आताच्या चार-सहा इंची भिंतीत ते निघत नाही, आणि भाड्याच्या खोलीत खिळा ठोकला तरी मालक बोलतो. म्हणून आम्ही फळवाल्याकडची दोन लाकडी खोकी घेतो, खिळे आत ठोकून कडा घासून घेतो, आडवी ठेवून एकमेकांना सुतळीने बांधतो आणि गाद्यांच्या चवडीशेजारी जमिनीवरच ठेवतो. आत काडेपेट्यांचे खण: बारा रिकाम्या पेट्या, तीनाच्या चार रांगा, बाहेरून रुक्क्याचा कागद, ओढायला प्रत्येकीला एक जुने बटण. त्यांत काड्या, नळ्यांचे तुकडे, चिंचोके, मणी. प्रत्येक खणावर नाव दोन लिप्यांत, आणि ते मुलानेच लिहायचे.